गदर : मोडलेल्या शपथेचा शब्द

हमाल, दलाल, सराफ, जल्लाद आणि गद्दार. रोजच्या मराठीतले हे पाच शब्द अरबीतून, फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्याकडे आले आणि पाचही एकाच साच्यातले आहेत. अरबी धातूत सहसा तीन व्यंजने असतात. त्यातले मधले व्यंजन दुप्पट करून पुढे ‘आ’ लावला, की ते काम सतत करणाऱ्याचे, त्यावरच पोट भरणाऱ्याचे नाव तयार होते. ‘हम्ल’ म्हणजे ओझे वाहणे, त्यावरून हम्माल. ‘सर्फ’ म्हणजे नाण्यांची अदलाबदल, त्यावरून सर्राफ. मराठीने हम्मालचा हमाल केला, दल्लालचा दलाल, सर्राफचा सराफ. जल्लाद आणि गद्दार यांनी मात्र आपले जोडाक्षर सोडले नाही. या साच्यात ‘गद्र’ घातले की गद्दार मिळतो, म्हणजे विश्वासघात हाच ज्याचा धंदा, तो.

याच ‘गद्र’चा उच्चार हिंदुस्थानी बोलींनी ‘गदर’ असा केला. कद्रची कदर झाली आणि फिक्रची फिकीर, तसेच हे झाले. म्हणजे ‘गदर’ आणि ‘गद्दार’ हे सख्खे भाऊ आहेत. तरीही एक शब्द आज शिवी आहे आणि दुसरा शब्द फासावर गेलेल्या क्रांतिकारकांनी आपल्या वृत्तपत्राच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत छापला होता. एकाच धातूतून निघालेल्या दोन शब्दांच्या वाटा इतक्या वेगळ्या कशा झाल्या, हे पाहिले की भारताच्या स्वातंत्र्यलढ्यातले एक महत्त्वाचे पान नीट उलगडते. त्या पानावर पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरे गावचा एक तरुण आहे आणि वर्ध्याचा एक शेतीशास्त्रज्ञही आहे.

अरबीतला अर्थ

‘गैन, दाल, रे’ ही या धातूची तीन अक्षरे. गैन हा घशातून येणारा वर्ण आहे. रोमन लिपीत तो ‘जी’ आणि ‘एच’ मिळून लिहितात, त्यामुळे ‘घदर’ असे वाचण्याची चूक सहज होते. मराठीत ‘गदर’ हेच रूप योग्य.

सोडून जाणे, मागे टाकणे हा या धातूचा एक जुना अर्थ. पूर ओसरल्यावर खोलगट जागी जे पाणी मागे राहते, त्या डबक्याला किंवा तळ्याला अरबीत ‘गदीर’ म्हणतात, तो शब्द याच कुळातला. साथ सोडणे, दिलेला शब्द मोडणे, ज्याने विश्वास टाकला त्याचाच घात करणे, हा या धातूचा दुसरा आणि ठळक अर्थ. अरबीत ‘गद्र’ म्हणजे आजही विश्वासघातच. राज्यक्रांतीला अरब लोक ‘सौरा’ म्हणतात, बंडाळीला ‘तमर्रुद’. ‘गद्र’ला बंडाचा अर्थ आला तो हिंदुस्थानात.

उर्दूत बंडासाठी ‘बगावत’ हा दुसरा अरबी शब्द हाताशी होताच. त्याचा रोख मर्यादा ओलांडण्यावर आहे. ‘बागी’ म्हणजे सत्तेविरुद्ध उघड उभा राहिलेला माणूस. त्याने सत्तेला काही वचन दिलेलेच असेल असे नाही, म्हणून चंबळच्या खोऱ्यातले दरोडेखोरही स्वतःला ‘बागी’ म्हणवून घेत. ‘गदर’चे तसे नाही. त्यात आधी दिलेले वचन गृहीत आहे. ज्याने शपथ घेतली, मीठ खाल्ले, त्यानेच ते मोडले तर तो गदर. परका शत्रू चालून आला तर त्याला आक्रमण म्हणता येईल, गदर म्हणता येणार नाही.

1857 आणि खाल्लेले मीठ

10 मे 1857 रोजी मेरठच्या छावणीतले शिपाई उठले आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीत दाखल झाले. हे शिपाई ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर होते. त्यांनी कंपनीच्या निशाणाखाली शपथ घेतली होती आणि कंपनीचा पगार घेतला होता. सरकारच्या नजरेत पहिला गुन्हा हाच होता, की शिपायांनी शपथ मोडली. ‘नमकहलाल’ आणि ‘नमकहराम’ ही त्या काळाची मोजपट्टी होती. मराठीतही खाल्ल्या मिठाला जागणे हा इमानाचा कस मानला जातो. या मोजपट्टीत ‘गदर’ हा शब्द चपखल बसला. दिल्ली पुन्हा इंग्रजांच्या हाती पडल्यानंतर आणि त्यांचे सूडसत्र सुरू झाल्यानंतर राजनिष्ठा दाखवणे हा जीव वाचवण्याचा प्रश्न झाला. अशा काळात उत्तर हिंदुस्थानात त्या वर्षासाठी ‘गदर’ हेच नाव रूढ झाले.

सगळ्यांनी तोच शब्द वापरला असे मात्र नाही. गालिबने ‘दस्तंबू’ या फारसी रोजनिशीत त्या वर्षासाठी ‘रस्तखेज-ए-बेजा’, म्हणजे अवेळी उठलेला प्रलय, असे अक्षरकोडे रचले. अरबी अक्षरांच्या ठरीव किमतींनुसार ‘रस्तखेज’ची बेरीज 1277 होते. ‘बेजा’ म्हणजे ‘जा’ वगळून, आणि ‘जा’ची किंमत 4. वजाबाकी केली की 1273 हे हिजरी साल मिळते, तेच इसवी 1857. सर सय्यद अहमद खान यांनी या उठावाची कारणे मांडणाऱ्या पुस्तिकेच्या नावात ‘बगावत’ हा शब्द घातला. कंपनी सरकारच्या चुकांवर बोट ठेवायचे, तर केवळ विश्वासघात म्हणून विषय मिटवणे त्यांना चालणारे नव्हते. मुघल बादशहा बहादुरशहाच्या दरबारातले कवी जहीर देहलवी यांनी मात्र पुढे लिहिलेल्या आठवणींना ‘दास्तान-ए-गदर’ असेच नाव दिले.

मराठीत यासाठी ‘बंड’ हा शब्द होता. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे यज्ञासाठी उत्तरेला गेले आणि त्या धामधुमीत सापडले. त्यांची हकीकत ‘माझा प्रवास’ या नावाने 1907 मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केली, तीही बंडाची हकीकत म्हणूनच. ‘बंड’ या शब्दात तंटा आहे, धामधूम आहे, पण वचनभंगाचा ठपका नाही. त्यामुळे ‘शिपायांचे बंड’ म्हणताना मराठी माणूस त्या शिपायांना बेइमान म्हणत नव्हता. उर्दूत ‘गदर’ म्हणणाऱ्याच्या तोंडी मात्र, त्याला वाटो न वाटो, तो आरोप येतच होता.

या नावांविरुद्ध पहिली मोठी हरकत मराठीत लिहिली गेली. विनायक दामोदर सावरकरांनी लंडनमध्ये 1857 चा इतिहास मराठीत लिहिला. त्याचे इंग्रजी रूप 1909 मध्ये छापले गेले आणि सरकारने त्यावर बंदी घातली. ते बंड नव्हते, स्वातंत्र्यसमर होते, असे त्यांचे म्हणणे. नाव बदलले की इतिहास कोणाच्या बाजूने सांगितला जातो हेही बदलते, हे त्यांनी ओळखले होते. चार वर्षांनी अमेरिकेत जमलेल्या माणसांनी मात्र वेगळी वाट धरली. जुना, कलंकित शब्द न बदलता त्यांनी तोच उचलला.

शिवी झाली नाव

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातले हजारो शेतकरी आणि निवृत्त सैनिक कॅनडा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचले. ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या लाकूड गिरण्यांत आणि कॅलिफोर्नियातल्या शेतांवर ते राबत. यांतल्या अनेकांनी ब्रिटिश फौजेत चाकरी केली होती आणि पदके मिळवली होती. साम्राज्याच्या या सेवेमुळे साम्राज्यात कुठेही आपल्याला मान मिळेल, अशी त्यांची समजूत होती. सप्टेंबर 1907 मध्ये बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने भारतीय मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हाकलले. 1908 मध्ये कॅनडाने मायदेशातून थेट, न थांबता प्रवास करून येणाऱ्यांनाच प्रवेश देण्याचा नियम केला. भारतातून अशी थेट सोय जवळपास नव्हतीच, त्यामुळे दार बंद झाले. ब्रिटिश सरकार त्यांच्या बाजूने उभे राहिले नाही.

म्हणजे वचन आधी कोणी मोडले, हा प्रश्न त्यांच्यापुढे पुस्तकातून आला नाही, तो गिरणीच्या दारात आणि बंदरावर आला. 1909 मध्ये व्हँकूवरच्या गुरुद्वाऱ्यात जमलेल्या माजी सैनिकांनी ब्रिटिश फौजेची पदके आणि गणवेश यापुढे अंगावर घालायचे नाहीत असा ठराव केला. भाई भागसिंग यांनी चांगल्या चाकरीचे आपले प्रमाणपत्र जाळले. शपथ मोडण्याची सुरुवात इथे झाली.

1913 मध्ये ऑरेगनच्या परिसरात ‘पॅसिफिक किनाऱ्यावरची हिंदी असोसिएशन’ स्थापन झाली. सोहनसिंग भकना अध्यक्ष, लाला हरदयाळ सरचिटणीस, पंडित काशीराम खजिनदार. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘युगांतर आश्रमा’तून 1 नोव्हेंबर 1913 रोजी उर्दू साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. नाव ‘गदर’. नावाखाली स्वतःची ओळख इंग्रजी राजवटीचा शत्रू अशी दिलेली. त्याच वर्षी गुरुमुखी आवृत्तीही सुरू झाली. हातछापखाना फिरवणाऱ्यांत कर्तारसिंग सराभा हा सतरा वर्षांचा मुलगा होता.

पहिल्याच अंकात त्यांनी स्वतःला विचारले : आमचे नाव काय, आमचे काम काय? दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर होते, गदर. 1857 पासून ज्या शब्दाची भीती घातली जात होती, त्याच शब्दाला त्यांनी आपले नाव केले. पुढे अंकात सावरकरांच्या ग्रंथातले उतारेही छापले गेले. हाँगकाँग, सिंगापूर, मनिला, शांघाय अशा शहरांतल्या भारतीय पलटणींपर्यंत आणि पहारेकऱ्यांपर्यंत हे अंक जात. संघटनेचे मूळ नाव लोक विसरले आणि वृत्तपत्राच्या नावावरून तिला ‘गदर पार्टी’ म्हणू लागले.

हा केवळ चिडून उचललेला शब्द होता, असे मला वाटत नाही. त्यात त्यांची सगळी योजना होती. ब्रिटिशांची सत्ता भारतीय सैनिकांच्या शपथेवर उभी आहे आणि ती शपथ सुटली तर सत्ता टिकणार नाही, हे माजी सैनिकांइतके कोणाला माहीत असणार? भारताला मुक्त करायचे तर छावणीतल्या शिपायाला इमान मोडायला सांगायचे, हेच त्यांचे काम होते. ‘क्रांती’ किंवा ‘आझादी’ हे शब्द उद्दिष्ट सांगतात. ‘गदर’ हा शब्द मार्ग सांगतो. परक्याला दिलेले वचन मोडणे हेच आपल्या देशाशी इमान आहे, ही उलटापालट त्या एका शब्दात त्यांनी केली. त्यामुळे शब्दाचा मूळ अर्थ पुसावा लागला नाही. त्या अर्थासकट तो अभिमानाचा झाला.

पुन्हा मेरठ

ऑगस्ट 1914 मध्ये महायुद्ध पेटले आणि ‘गदर’ने परदेशातल्या भारतीयांना मायदेशी परतून उठाव करण्याची हाक दिली. त्याच वर्षी भारतीय प्रवाशांचे ‘कोमागाता मारू’ हे जहाज व्हँकूवरच्या बंदरात दोन महिने अडवून परत पाठवले गेले होते. 29 सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज येथे त्याच्या प्रवाशांवर गोळीबार झाला. पंजाबी मनाची उरलीसुरली निष्ठाही त्याने तोडली.

परतणाऱ्यांत विष्णू गणेश पिंगळे होते. जन्म 1888, गाव तळेगाव ढमढेरे. अभियांत्रिकी शिकण्यासाठी ते अमेरिकेत गेले आणि तिथे गदरच्या माणसांत मिसळले. 1914 च्या अखेरीस ते भारतात आले. बनारसमध्ये रासबिहारी बोस यांना भेटून पंजाब आणि बंगालमधल्या क्रांतिकारकांना जोडण्याचे काम त्यांनी केले. एक पंजाबी, एक बंगाली आणि एक मराठी असे तिघे, कर्तारसिंग, रासबिहारी आणि पिंगळे, या कटाच्या केंद्रस्थानी होते.

21 फेब्रुवारी 1915 ही उठावाची तारीख ठरली. लाहोरजवळची मियां मीर आणि फिरोजपूर या छावण्यांत आधी उठाव व्हायचा होता. पण किरपालसिंग नावाचा खबऱ्या गटात शिरला होता. सुगावा लागताच तारीख 19 फेब्रुवारीवर आणली गेली, तीही बातमी सरकारला पोचली. पलटणी निःशस्त्र केल्या गेल्या, धरपकड सुरू झाली. पिंगळे तरीही थांबले नाहीत. मार्चमध्ये ते बॉम्ब घेऊन मेरठला, 12 व्या घोडदळाच्या छावणीत गेले. ज्या गावात 1857 चा पहिला गदर झाला, त्याच गावच्या सैनिकांना ते पुन्हा उठवायला निघाले होते. ज्याच्यावर भरवसा ठेवला त्यानेच त्यांना पकडून दिले.

लाहोर कटाच्या खटल्यात सप्टेंबर 1915 मध्ये 24 जणांना फाशीची शिक्षा झाली. 17 जणांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. उरलेल्या सात जणांना 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरच्या तुरुंगात फाशी दिली गेली. त्यांत एकोणीस वर्षांचे कर्तारसिंग होते आणि पिंगळेही होते. पुढे भगतसिंगांनी कर्तारसिंगांना आपला आदर्श मानले.

सैनिकांची शपथ एका ठिकाणी मात्र खरोखर मोडली. 15 फेब्रुवारी 1915 रोजी सिंगापुरात पाचव्या लाइट इन्फन्ट्रीचे भारतीय शिपाई उठले. त्यामागे अनेक कारणे होती आणि गदरचा प्रचार हे त्यांतले एक होते. उठाव मोडल्यावर 47 शिपायांना गोळ्या घालून ठार केले गेले.

शब्दाचा जुना अर्थ गदर चळवळीच्या आतही शिरला. सॅन फ्रान्सिस्कोत 1917-18 मध्ये हिंदू-जर्मन कटाचा, म्हणजे जर्मनीच्या मदतीने भारतात उठाव घडवण्याच्या कटाचा, खटला चालला. एप्रिल 1918 मध्ये, खटला संपतानाच, भर न्यायालयात रामसिंग या आरोपीने हरदयाळांनंतर ‘गदर’ चालवणाऱ्या रामचंद्र यांच्यावर गोळ्या झाडून त्यांना ठार केले. रामचंद्रांनी चळवळीचा पैसा आणि विश्वास बुडवला, असा त्यांच्या विरोधकांचा आरोप होता. गदर आणि गद्दार यांच्यातले अंतर किती कमी असू शकते, हे त्या चळवळीने आपल्याच रक्ताने पाहिले.

वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची वाट निराळी ठरली. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकताना ते पोर्टलंडच्या मजुरांत संघटना बांधत होते. महायुद्धात ते इराणमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढले. 1924 नंतर मेक्सिकोत स्थायिक होऊन चापिंगो येथील राष्ट्रीय शेती विद्यालयात त्यांनी मक्याच्या वाणांवर काम केले. प्रख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातल्या भित्तिचित्रात त्यांना रेखाटले आहे. 1967 मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले.

शब्द पुढे कुठे गेला

पंजाबात ‘गदरी’ हा आदराचा शब्द झाला. अंदमानातून आणि तुरुंगांतून सुटून आलेल्या वृद्धांना लोक ‘गदरी बाबे’ म्हणू लागले. जालंधरच्या देशभगत यादगार सभागृहात पहिल्या अंकाच्या तारखेच्या सुमारास दरवर्षी ‘गदरी बाब्यांचा मेळा’ भरतो.

हिंदीत अमृतलाल नागर यांनी अवधच्या गावागावांत फिरून 1857 च्या आठवणी गोळा केल्या आणि 1957 मध्ये ‘गदर के फूल’ या नावाने छापल्या. तिथेही कलंक उरला नव्हता. तेलंगणातले लोकगायक गुम्मडी विठ्ठल राव यांनी गदर पार्टीवरून ‘गद्दर’ हे नाव घेतले आणि 2023 मध्ये निधन होईपर्यंत जग त्यांना त्याच नावाने ओळखत होते. दुसऱ्या अंगाने, ‘गदर मचना’ या हिंदी वाक्प्रचारात शब्दाला निव्वळ गोंधळाचा, हलकल्लोळाचा अर्थ आला. 2001 च्या ‘गदर’ या चित्रपटाची कथा फाळणीच्या दिवसांतली आहे, तिथे हाच अर्थ लागू होतो.

मुंबईनेही शब्दांची अशीच ओढाताण पाहिली आहे. 18 फेब्रुवारी 1946 रोजी ‘तलवार’ या तळावरचे नाविक उठले. सरकारच्या भाषेत ते बंड होते. नाविकांनी मात्र ‘संप समिती’ स्थापन केली आणि आपल्या कृतीला संप म्हटले. संप हा कामगाराचा हक्क मानला जातो आणि बंड हा सैनिकाचा गुन्हा, हे त्यांना चांगले कळत होते. 2022 मध्ये महाराष्ट्राच्या सत्तांतरात एकाच घटनेला एका बाजूने गद्दारी म्हटले, दुसऱ्या बाजूने उठाव, आणि वृत्तपत्रांनी ‘बंडखोर’ असा मथळा केला. इथेही खरा वाद वचन कोणाला दिले होते आणि ते आधी कोणी मोडले, याचाच होता.

गद्दार म्हणणारा माणूस नेहमी असे गृहीत धरतो, की समोरच्याने आपल्याला इमान देणे लागत होते. गदरच्या माणसांनी नेमके तेच गृहीत नाकारले. परक्या सत्तेने भीतीने, भाकरीच्या बदल्यात घेतलेली शपथ बंधनकारक नाही, हे त्यांनी जाहीर सांगितले आणि त्याची किंमत स्वतः मोजली. म्हणून महाराष्ट्रातल्या शाळांत ‘गदर पार्टी, 1913’ एवढी एक ओळ पाठ करून घेऊन पुढे जाऊ नये. हा शब्द मुळात विश्वासघाताचा होता आणि या माणसांनी तो जाणूनबुजून उचलला, हे मुलांना सांगावे. तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू पिंगळे पकडला जाण्याचा धोका पत्करून मेरठच्या छावणीत का शिरला, हे त्याशिवाय मुलांना समजणार नाही.